किल्ल्या कोणाच्या कमरेला?

संगणकांचे जाळे सांभाळणे हा आपला धंदा नव्हे. आपला धंदा ऊस गाळण्याचा, सूत कातण्याचा किंवा ठेवी घेऊन कर्जे देण्याचा आहे. तेव्हा जे काम आपले नव्हे ते त्यातील जाणत्याच्या स्वाधीन करावे, दरमहा ठरलेली रक्कम मोजावी आणि निर्धास्त असावे, हा विचार गेल्या काही वर्षांत आपल्या सहकारी बँका, साखर कारखाने, शिक्षणसंस्था आणि औद्योगिक वसाहतींतील मध्यम प्रतीचे कारखाने यांच्या संचालक मंडळांत इतका रुळला आहे की तो विचार म्हणून तपासून पाहण्याची गरजही आता कोणाला वाटत नाही. सभेपुढे विषय येतो, तीन निविदा उघडल्या जातात, सर्वांत कमी दराची मान्य होते आणि संस्थेच्या मज्जातंतूंचा कारभार एकमताने परक्या हाती जातो. हा विचार चुकीचा आहे असे माझे ठाम मत आहे. आणि त्यात सत्याचा अंश असल्यामुळे तो निव्वळ असत्यापेक्षा अधिक घातक झाला आहे, म्हणून त्याचे सविस्तर खंडन करणे मला आवश्यक वाटते.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडल्यावाचून त्याचे खंडन करणे हे वादाच्या सभ्यतेला सोडून होईल. बाहेरच्या सेवादात्याचा पुरस्कार करणारे म्हणतात की राऊटर, स्विच आणि फायरवॉल यांची विद्या आज इतकी विस्तारली आहे की तालुक्याच्या गावच्या बँकेने नेमलेला एकटादुकटा अभियंता ती सगळी आत्मसात करू शकत नाही, आणि आत्मसात केलीच तर तो दुप्पट पगारावर पुण्यास किंवा बंगळुरूस निघून जातो. उलट सेवादात्यापाशी अनेक ग्राहकांच्या जाळ्यांवर हात बसलेली माणसे असतात, रात्रपाळीला जागणारी माणसे असतात, महागडी निरीक्षणयंत्रणा असते, आणि हा सगळा सरंजाम अनेकांत वाटला जात असल्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला येणारा खर्च बेताचा असतो. शिवाय तक्रारीची दखल किती मिनिटांत घ्यावयाची, दुरुस्ती किती तासांत करावयाची आणि चुकल्यास दंड किती भरावयाचा, हे करारपत्रात कलमवार लिहिलेले असल्यामुळे जबाबदारी कोणाची याविषयी संदेह उरत नाही. यातील प्रत्येक विधानात तथ्य आहे. परंतु या सर्व विधानांतून न्यायतः निष्पन्न होते ते एवढेच की पुनरावृत्तीचे, मेहनतीचे आणि अहोरात्र जागण्याचे काम बाहेर देण्यास हरकत नाही. त्या जाळ्याची जाण, त्याच्या किल्ल्या आणि त्याविषयीचा निर्णयही बाहेर द्यावा, असे त्यातून कोणत्याही तर्काने निघत नाही. आणि आपल्या संस्थांच्या ठरावांनी प्रत्यक्षात बाहेर जाते ते नेमके हेच.

‘मूळ धंद्यावर लक्ष द्या’ या वचनाला प्रमाण म्हणून सी. के. प्रल्हाद आणि गॅरी हॅमेल यांनी १९९० साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’त लिहिलेल्या निबंधाचा दाखला दिला जातो. उद्योगाने आपली मूळ क्षमता ओळखावी, एवढे त्या निबंधातून उचलले जाते, आणि ‘बाकीचे बाहेर द्यावे’ ही पुस्ती सांगणारा पदरची जोडतो. मूळ निबंध शांतपणे वाचणारास त्यात याच्या उलट इशारा आढळेल: बाहेरून करून घेतल्याने माल बाजारात लवकर उभा राहतो खरा, पण माणसांच्या अंगी मुरणारे जे कौशल्य पुढे आघाडी टिकवते ते अशाने फारसे वाढत नाही, असे या लेखकद्वयाने स्पष्ट बजावले आहे. ज्यांच्या नावाने हा पंथ चालतो त्यांनीच त्याला आळा घातला होता, ही गोष्ट संचालकांपुढे सादरीकरण करणाऱ्या सल्लागारांनी एकदा तरी सांगावयास हवी होती.

आणि मूळ धंदा म्हणजे तरी काय? कॉसमॉस बँक १९०६ साली निघाली, सारस्वत बँक १९१८ साली. त्या पिढीच्या सहकारी कार्यकर्त्यांना कीर्द, खतावणी आणि संध्याकाळची रुजुवात ही बँकेची अंगेच वाटत, आणि ती मक्त्याने द्यावीत असे त्यांच्या स्वप्नातही आले नसते. आज कीर्द, खतावणी आणि बव्हंशी तिजोरीसुद्धा संगणकात आहे, आणि त्या संगणकांना जोडणाऱ्या तारांतून ती अहोरात्र वाहत असते. शाखेची मुख्य कचेरीशी असलेली जोडणी तुटली, की पेटीत नोटा असूनही रोखपाल हात बांधून बसतो, कारण समोरच्या खातेदाराची शिल्लक त्याला कळत नाही. साखर कारखान्यात वजनकाट्यावरचा आकडा शेतकी खात्याच्या संगणकात आणि तेथून ऊस उत्पादकाच्या बिलात जातो; गाळपाच्या भर हंगामात ही वाट घटकाभर जरी बुजली, तरी गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर येते आणि गव्हाणीपाशी ऊस वाळू लागतो. ज्याच्यावाचून धंद्याचे एकही पाऊल पुढे पडत नाही, ते धंद्याच्या बाहेरचे कसे?

ही प्रथा जेथे प्रतिष्ठेला चढली त्या अमेरिकेतला अनुभवही आपल्याकडे अर्धाच सांगितला जातो. ईस्टमन कोडॅक कंपनीने १९८९ साली आपली संगणककेंद्रे आयबीएमच्या, दूरसंचाराचे जाळे डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या आणि मेजावरचे संगणक बिझनेसलँड या कंपनीच्या हवाली केले, तेव्हा एवढ्या मोठ्या घराण्याने केले ते योग्यच असणार, अशा समजुतीने जगभरच्या व्यवस्थापकांनी तो कित्ता गिरवला. कथेचा उत्तरार्ध मात्र कोणी गिरवला नाही. बिझनेसलँड १९९१ साली मोडकळीस येऊन दुसऱ्याच्या पदरी गेली, आणि डिजिटल इक्विपमेंटसारखी बलाढ्य कंपनी १९९८ साली कॉम्पॅकने गिळली. सेवादाता आपल्यापेक्षा मोठा आहे म्हणून तो आपल्यापेक्षा चिरस्थायी असेल, हे गृहीतच त्यामुळे डळमळीत ठरते. दुसरे उदाहरण जेपी मॉर्गन चेस या बँकेचे. तिने डिसेंबर २००२ मध्ये आयबीएमशी सात वर्षांचा, पाच अब्ज डॉलरांचा करार केला. पुढे बँक वन तिच्यात विलीन झाल्यावर सप्टेंबर २००४ मध्ये, म्हणजे पुरती दोन वर्षे लोटण्यापूर्वीच, तो करार मोडून सुमारे ४,००० माणसे परत आपल्या हजेरीपटावर घेतली, कारण आपल्या तांत्रिक यंत्रणेचा कारभार आपणच पाहण्यात बँकेचे दीर्घकालीन हित आहे, अशा निर्णयाला ती आली होती. येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. ती बँक परत फिरू शकली याचे कारण तिची माणसे सेवादात्याच्या पगारपत्रकावर का होईना, पण त्याच यंत्रांपाशी उभी होती. आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणच्या बँकेत जाळ्याची जाण असलेला माणूस मुळात एकच असतो. करार झाल्यावर तो अनावश्यक ठरतो, नोकरी सोडतो किंवा वसुली विभागात बसवला जातो, आणि तीन वर्षांनी पश्चात्ताप झाला तरी परत कोणाला बोलवावयाचे हा प्रश्न उरतोच. मोठ्यांना परतीची वाट असते, लहानांना ती नसते. तेव्हा मोठ्यांचे अनुकरण करताना लहानांनी अधिक सावध असावयास हवे होते.

परंतु अमेरिकेचे दाखले कशाला? मक्त्याने कारभार देण्याचे परिणाम काय होतात हे महाराष्ट्राने आपल्या राज्याच्या अखेरीस पुरेपूर पाहिले आहे. नाना फडणीसांच्या काळापर्यंत मामलतदार किंवा कमाविसदार हा सरकारचा नेमलेला माणूस असे. त्याच्या हिशेबाची तपासणी दप्तरात होई आणि चांगल्या कारभाऱ्याची कमावीस वर्षानुवर्षे त्याच्याकडे चाले. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत मामलती लिलावाने, जास्त बोली बोलणाऱ्यास इजाऱ्याने देण्याची पद्धत पडली, आणि तिने मुलखाची काय दशा झाली याचे वर्णन माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ सालच्या आपल्या अहवालात केले आहे. त्या पद्धतीतले सगळे इजारदार दुष्ट होते असे मानण्याचे कारण नाही. मुदत थोडी, पुढच्या सालाची शाश्वती नाही, वर बोलीची रक्कम भरून काढण्याची निकड. अशा स्थितीत भला माणूसही रयतेच्या पुढच्या सालाची चिंता वाहणार नाही. आपल्या आजच्या करारांत बोली चढण्याऐवजी उतरते एवढाच फरक. सर्वांत कमी दराने काम घेतलेला सेवादाता, मुदतीच्या शेवटच्या वर्षी, तुमच्या गुंतलेल्या तारा सोडवून त्यांवर नावाच्या चिठ्ठ्या लावीत बसेल, जुना झालेला नकाशा नव्याने काढील आणि आपल्या जागी येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याचे काम सुकर करील, ही अपेक्षा मनुष्यस्वभावाला धरून नाही. त्याला ज्याचे पैसे मिळतात ते तो करतो, आणि त्याला पैसे मिळतात ते तक्रार बंद केल्याचे. तक्रार उद्भवूच नये म्हणून केलेल्या कामाचा रकाना त्याच्या मासिक अहवालात नसतो.

हा युक्तिवाद कोणास केवळ तात्त्विक वाटू नये म्हणून मी स्वतः पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका औद्योगिक वसाहतीतील यंत्रभाग बनवणारा कारखाना. नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. जाळ्याचा वार्षिक देखभाल करार संपला, दरावरून बिनसले आणि नवा सेवादाता नेमला गेला. हस्तांतराच्या दिवशी नव्या अभियंत्याने फायरवॉलचा पासवर्ड मागितला. लेखाविभागातील ज्या गृहस्थांकडे ‘समन्वयक’ म्हणून हे काम दिले होते ते अगदी सरळपणे म्हणाले, “ते व्हेंडरला माहीत.” जुन्या व्हेंडरकडचा ज्याला माहीत होते तो मुलगा नोकरी सोडून गेला होता. फायरवॉलचा परवाना पाहिला, तर तो कारखान्याच्या नावे नसून जुन्या सेवादात्याच्या ईमेलवर नोंदलेला. कारखान्याच्या नावाचे जे डोमेन पत्रांच्या शिरोभागी छापले जात होते, तेही त्या सेवादात्याच्या मालकाच्या खाजगी खात्यातून घेतलेले. जाळ्याचा नकाशा म्हणून जो कागद फायलीत होता त्यात पाडून टाकलेली एक शेड दाखवलेली होती आणि नवी दाखवलेलीच नव्हती. नव्या शेडला जोडणारा स्विच शोधता शोधता सापडला तो भांडारातल्या कपाटावर, धुळीत, एका एक्स्टेंशन बोर्डावर चालणारा. तो बोर्ड पंख्यासाठी कोणी काढला असता तर अर्धा कारखाना मुका झाला असता. अखेर फायरवॉल कोरी करून पुन्हा मांडावी लागली. तोवर कोणाच्या तरी मोबाईलवरून जोडणी घेऊन ई-वे बिले काढली जात होती आणि मालाचे ट्रक फाटकाशी उभे होते. जुन्या मांडणीची एक छापील प्रत नंतर कोठून तरी हाती आली, तिच्यात एक नियम आढळला: बाहेरून कोणीही, कोणत्याही वाटेने एका यंत्रापर्यंत यावे. परदेशी यंत्रनिर्मात्याच्या तंत्रज्ञाला दुरून दुरुस्ती करता यावी म्हणून तो एकदा घातला होता, शेऱ्यात ‘तात्पुरता’ असे लिहिलेही होते. तंत्रज्ञाचे काम आटोपले आणि दरवाजा तसाच उघडा राहिला.

यात कोणी लबाडी केली, असे मला म्हणावयाचे नाही. प्रत्येक गोष्ट त्या त्या वेळी सोय म्हणून झाली होती, आणि सेवादात्याच्या मासिक अहवालांत सर्व तक्रारी वेळेत निकाली निघाल्याची नोंद होती. ती नोंदही खरीच होती. दोष होता तो हा की त्या चार भिंतींच्या आत, ‘परवाना कोणाच्या नावावर घेतलास?’ किंवा ‘तो तात्पुरता नियम काढलास का?’ असे विचारू शकणारा एकही माणूस उरलेला नव्हता. प्रश्न विचारण्यासाठीही विद्या लागते. मालकाने आपली सगळी विद्या मक्त्याने देऊन टाकली, म्हणजे मक्तेदाराला तपासण्याचे साधनही त्याच मक्त्यात जाते. आणि मग करारातील दंडाची कलमे कितीही कडक असली तरी ती लागू करावी असे कारण घडले आहे हे सुद्धा मक्तेदारानेच येऊन सांगावे लागते.

खर्चाच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. दरमहा ठरलेली रक्कम ही आरंभीची रक्कम असते. नवी शाखा, नवी तार, नवा नियम, प्रत्येक बदलाला ‘हे कराराच्या कक्षेत येत नाही’ असे उत्तर येते आणि वेगळे देयक येते. नवा स्विच खरोखर हवा की जुनाच नीट मांडून भागेल, याविषयी सल्ला देणारा आणि स्विच विकणारा एकच असतो. पुष्कळदा पुढच्या निविदेतील तांत्रिक अटींचा मसुदाही तोच लिहून देतो. घरच्या एका जाणत्या माणसाचा पगार हा या देयकांवरचा अंकुश आहे, एवढे ध्यानात घेतले तरी काटकसरीचा पुष्कळसा युक्तिवाद कोलमडतो.

सेवादात्याचे कौशल्य अनेकांत वाटले जाते ही त्याची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणून सांगितली जाते. परंतु त्याबरोबर संकटही वाटले जाते, हे कोणी सांगत नाही. शेकडो घरांच्या किल्ल्या ज्याच्या एका जुडग्यात आहेत त्याच्यावर चोराची नजर प्रथम जाणार, हे सांगावयास तज्ज्ञ नको. २ जुलै २०२१ रोजी, शुक्रवारी, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुट्टीच्या तोंडावर, आरईव्हिल या खंडणीखोर टोळीने नेमके हेच केले. सेवादाते ग्राहकांचे संगणक दुरून सांभाळण्यासाठी जी प्रणाली वापरतात, त्या कासेया कंपनीच्या प्रणालीतील एका छिद्रातून ती आत शिरली. थेट बाधित झाले ते सुमारे ६० सेवादाते, पण त्यांच्यामागे सुमारे १,५०० पर्यंत व्यवसायांचे संगणक कुलूपबंद झाले. स्वीडनमधील कोऑप ही ग्राहकांच्या सहकाराची जुनी संस्था; तिची सुमारे ८०० दुकाने बंद ठेवावी लागली, कारण गल्ल्यावरची यंत्रे चालेनात. कोऑपने कासेयाकडून काहीच घेतले नव्हते. तिच्या गल्ल्यांची देखभाल ज्या कंपनीकडे होती, ती कंपनी कासेयाची प्रणाली वापरीत होती. आपल्या दुकानाची किल्ली आपण ज्याला दिली त्याने ती आणखी कोणाच्या जुडग्यात अडकवली आहे, याचा त्या संस्थेच्या सभासदांना पत्ताही नव्हता.

सहकाराच्या नावाने महाराष्ट्रात ज्यांची छाती फुगते त्यांनी ही गोष्ट परदेशची म्हणून सोडून देऊ नये. ३१ जुलै २०२४ रोजी भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने जाहीर केले की सी-एज टेक्नॉलॉजीज या, अनेक सहकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँकांना तंत्रसेवा पुरवणाऱ्या कंपनीच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर आज्ञावलीचा आघात झाल्याचा संभव असल्यामुळे तिला देयक-जाळ्यापासून तूर्त अलग करण्यात आले आहे. सुमारे ३०० लहान बँकांचे खातेदार त्या अवधीत या जाळ्यावरून पैसे पाठवू शकत नव्हते आणि घेऊही शकत नव्हते. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली. ही कंपनी टाटा कन्सल्टन्सी आणि स्टेट बँक यांच्या भागीदारीतून उभी राहिलेली. म्हणजे पाठबळ किंवा प्रतिष्ठा यांत तिला उणे म्हणता येणार नाही. माझा मुद्दा तिच्या योग्यतेविषयी नाहीच. त्या दिवशी त्या ३०० बँकांपैकी किती बँकांच्या व्यवस्थापकांना आपल्या यंत्रणेचा कोणता भाग तिकडे आहे, कोणता आपल्या कचेरीत आहे आणि तिकडची वाट बंद असताना इकडे काय चालू ठेवता येईल हे सांगता आले असते, असा माझा प्रश्न आहे. तो प्रत्येक संचालक मंडळाने स्वतःस विचारावा.

यावर पूर्वपक्षाकडून कॉसमॉस बँकेच्या प्रकरणाचा दाखला येतो. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. त्या दिवशी भारतासह २८ देशांतील एटीएममधून बनावट कार्डांनी रकमा काढल्या गेल्या, १३ तारखेस हाँगकाँगमधील एका खात्यात आणखी रक्कम वळती झाली, आणि एकूण सुमारे ९४ कोटी रुपये गेले. शतकाहून अधिक वयाच्या, पुण्यासारख्या शहरातल्या बँकेची ही गत, तर लहानांनी आपले जाळे आपण सांभाळण्याची भाषा करू नये, असे म्हटले जाते. त्या प्रकरणात एटीएमचे व्यवहार मंजूर करणाऱ्या यंत्रणेलाच बगल देऊन खोटी मंजुरी दिली गेली होती; एवढ्या कुशल आणि योजनाबद्ध टोळीपुढे घरची माणसे हमखास टिकतील असा दावा मी करीत नाही, आणि बाहेरची माणसे हमखास टिकतील असा दावा कोणी करू नये. सुट्टीच्या दिवशी आणि अपरात्री डोळ्यांत तेल घालून आकड्यांची हालचाल पाहणारी पाळत हवी, आणि ती लहान संस्थेला एकटीने परवडत नाही, हे मात्र मला मान्य आहे. ती पाळत बाहेरून विकत घ्यावी. पण पहारेकऱ्याने हाक दिल्यानंतर पुढे काय? नेहमीपेक्षा वेगळे दिसणारे हे व्यवहार गणपतीच्या आधीच्या खरेदीचे आहेत की चोराचे, हे दूरच्या शहरात बसलेला, एकाच वेळी अनेक ग्राहकांचे फलक पाहणारा मुलगा ठरवू शकत नाही. आणि ठरवले तरी ‘सगळी जोडणी आता तोडा’ म्हणण्याचा अधिकार त्याला नसतो, तो नसावाही. जाळे तोडणे म्हणजे बँक बंद करणे. तो हुकूम देणारा माणूस बँकेचाच हवा, आणि कोणती तार तोडली असता काय बंद पडते हे त्याला मुखोद्गत हवे. २०२४ मध्ये देयक महामंडळाने सी-एजला वेळीच अलग केले ते हा अधिकार आणि ही जाण एकाच ठिकाणी होती म्हणून. बँकांच्या बाजूस मात्र पुष्कळ ठिकाणी अधिकार एकाकडे आणि जाण दुसऱ्याकडे आहे.

आता जबाबदारीचा मुद्दा. करार झाला म्हणजे जबाबदारी पलीकडे गेली, ही समजूत कायद्याला मुळीच मान्य नाही. रिझर्व्ह बँकेने १० एप्रिल २०२३ रोजी काढलेले आणि त्याच वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून अमलात आलेले माहिती-तंत्रज्ञान सेवांच्या बाह्यस्रोतीकरणाविषयीचे निदेश निःसंदिग्ध आहेत: काम बाहेर दिल्याने संस्थेचे दायित्व यत्किंचितही कमी होत नाही, अंतिम जबाबदारी संचालक मंडळाची आणि वरिष्ठ व्यवस्थापनाची, आणि करार मोडून बाहेर पडण्याची योजना आधीच तयार असली पाहिजे. नागरी सहकारी बँकांपैकी पहिल्या दोन स्तरांतील लहान बँका या निदेशांच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. पण ठेवीदाराची ठेव लहान बँकेत आहे म्हणून ती कमी मोलाची होत नाही, आणि या बँकांनी ती सवलत समजू नये. शासनाच्या सर्ट-इन या यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ च्या आदेशान्वये सायबर घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि नोंदी १८० दिवस जपून ठेवणे बंधनकारक केले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही ज्याच्यासाठी माहिती हाताळली जाते त्यालाच उत्तरदायी धरले आहे, हाताळणारा कोणीही असो. आणि माहितीच्या सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. याच्या शेजारी सेवादात्याचे करारपत्र ठेवून पाहावे. त्यातील भरपाईची कमाल मर्यादा सामान्यतः त्याला मिळणाऱ्या शुल्काच्या प्रमाणात बांधलेली असते. म्हणजे जोखीम मालकाची, आणि त्या जोखमीवर प्रत्यक्ष हात दुसऱ्याचा. पूर्वी कुलमुखत्यारपत्र लिहून देताना माणूस दहादा विचार करी, वकिलाला विचारी, साक्षीदार आणी. त्याहून व्यापक अधिकार आज फायरवॉलच्या एका पासवर्डाबरोबर, कोठेही नोंद न होता, तोंडी दिले जातात.

माझी मागणी काही अव्वाच्या सव्वा नाही. तारा ओढणे, यंत्रे बदलणे, रात्रीची पाळत, शाखांतल्या किरकोळ तक्रारी, हे सगळे खुशाल बाहेर द्यावे. पण सर्व पासवर्ड, सर्व परवाने, डोमेन आणि फायरवॉलच्या मांडणीची ताजी प्रत ही संस्थेच्या नावे आणि संस्थेच्या कुलुपात असावी, व सेवादात्याने त्यांचा वापर करावयाचा तो संस्थेने दिलेल्या, वेगळ्या आणि केव्हाही काढून घेता येईल अशा परवानगीने. जाळ्याचा नकाशा संस्थेच्या माणसाने स्वतः, शाखेशाखेत आणि शेडशेडमध्ये हिंडून काढावा. सेवादात्याने काढलेल्या नकाशावर सही करणे म्हणजे जाळे जाणणे नव्हे. आणि हा माणूस लेखाविभागाचा जोडकामवाला कारकून नसावा. वसुली अधिकाऱ्याला जसे संचालकांच्या सभेत बोलावून खडसून विचारले जाते, तसे त्यालाही बोलावले जावे, त्याचे ऐकले जावे, आणि ‘हा नियम काढा’ असे त्याने सांगितल्यावर सेवादात्याने थेट सचिवांकडे धाव घेऊन तो परत घालून घ्यावा, असला प्रकार चालू देऊ नये. ज्या संस्थांत असा माणूस आहे तेथे मी सेवादातेही अधिक चोख काम करताना पाहिले आहेत. जाणत्या गिऱ्हाइकापुढे चांगल्या कारागिराला उत्साह येतो.

‘असा माणूस टिकत नाही’ हा शेवटचा आणि सर्वांत खरा आक्षेप आहे. तो टिकत नाही याचे एक कारण पगार, हे उघड आहे. परंतु मला भेटलेल्या अशा अनेक तरुणांनी सांगितलेले कारण दुसरेच होते: जाळे चालू असते तेव्हा त्यांची कोणास आठवण नसते, आणि बंद पडते तेव्हा त्यांच्यावर फक्त ओरडले जाते, शिकण्यास पाठवावयाचे तर ‘शिकून जाशील’ म्हणून पाठवत नाहीत. न शिकवता ठेवलेला माणूस जातोच, फक्त थोडा उशिरा आणि अधिक कडवट होऊन. एकट्या बँकेला दोन अभियंते पोसणे जड जात असेल, तर शेजारच्या चार बँकांनी मिळून ते पोसावेत. ज्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन प्रवरानगरला १९५० साली साखर कारखाना उभा केला, तेथे चार बँकांना मिळून दोन अभियंते ठेवता येत नाहीत, हे मी मानावयास तयार नाही.

नागरी सहकारी बँकांसाठी राष्ट्रीय नागरी सहकारी वित्त व विकास महामंडळ ही शिखर संस्था २ मार्च २०२४ रोजी सुरू झाली, आणि तंत्रज्ञानाच्या सामाईक सेवा पुरवणे हे तिच्या कामांपैकी एक आहे. तिचे स्वागत करावे, कारण तिचे भांडवल बँकांचेच आहे. पण तिनेही केवळ आणखी एक मोठा सेवादाता व्हावे, आणि आपल्या बँकांनी जुडगे एका हातातून काढून दुसऱ्या हाती द्यावे, असे झाले तर सी-एजच्या दिवशी ३०० बँकांची जी स्थिती झाली तीच उद्या याहून अधिक बँकांची होईल. या शिखर संस्थेने सेवांच्या विक्रीइतकीच सभासद बँकांच्या कर्मचाऱ्यांना शिकवण्याची जबाबदारी घ्यावी: प्रत्येक बँकेतून निदान दोन माणसे निवडावीत, त्यांना त्यांच्याच बँकेच्या जाळ्यावर, त्यांच्याच यंत्रांसमोर बसवून तयार करावे, आणि त्यांच्या संमतीवाचून त्या बँकेच्या फायरवॉलचा एकही नियम बदलणार नाही असे आपल्या करारात लिहून द्यावे. येत्या वार्षिक सर्वसाधारण सभांत हा ठराव सभासदांनी स्वतः मांडावा, कारण संचालक तो आपण होऊन मांडतील अशी चिन्हे मला अद्याप दिसत नाहीत.